थट्टेकऱ्याचा दुखवटा

राष्ट्राध्यक्षांच्या जेवणघरात एव्हारिस्टची व्यंगचित्रं सोनेरी चौकटींत लावलेली होती. बाहेरचे पाहुणे यायचे, बकऱ्याची हाडं चोखता चोखता भिंतीकडं बोट दाखवायचे, आणि राष्ट्राध्यक्ष कितुंडा स्वतः उठून एकेक चित्र समजावून सांगायचे. हा करकोचा म्हणजे मी बरं का, म्हणायचे. मग सगळे पोट धरून हसायचे. हे आमच्या संपादकांनी तिथं जेवून आल्यावर ऑफिसात सांगितलं, आणि कौतुकानं सांगितलं. ओठांवरची चरबीसुद्धा नीट पुसली नव्हती त्यांनी.

मी तेओपिस्ता. 'कासिया' दैनिकात पानं लावते. कासिया म्हणजे वल्हं. एके काळी आमच्या पेपरला ते नाव शोभायचं. आता तुम्ही चमचा म्हणालात तरी मी भांडायला येणार नाही. एव्हारिस्ट म्कोबाची खिडकी माझ्या टेबलाशेजारी. तो खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानंच चित्र काढायचा. खुर्ची दिली तर तिच्यावर जाकीट ठेवायचा. कुंचल्याला टोक आणायला तो जिभेवर फिरवायची सवय, त्यामुळं जीभ कायम काळी. बोलणं कमी, आणि बोलला तर वाकडं. एकदा मी नवीन कापडाचा झगा शिवून आले, तर माझ्या पोराच्या नावानं हाक मारून म्हणाला, "न्येमोच्या आई, पडद्याशिवाय आता खिडकीचं कसं व्हायचं?" मी दिवसभर बोलले नाही त्याच्याशी.

तसा तो कोळ्याच्या पोटचा. शाळा अर्धवट. आधी होड्यांवर नावं रंगवायचा, न्हाव्यांच्या पाट्यांवर केस कापलेली डोकी काढायचा. मासळी बाजारातल्या न्हाव्याकडं त्यानं काढलेलं एक डोकं इतकं हुबेहूब पोलिसातल्या एका साहेबासारखं होतं की साहेबानं पाटी उतरवायला लावली. ती गोष्ट ऐकून आमच्या आधीच्या संपादकांनी त्याला बोलावून घेतला. ते संपादक पुढं परदेशात पळाले. का पळाले ते सांगत बसत नाही.

कितुंडा निवडून आले त्याच वर्षी एव्हारिस्टनं त्यांचा करकोचा केला. कुठला करकोचा, ते आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. मासळी बाजारामागच्या उकिरड्यावर ते उभे असतात. टक्कल, त्यावर खवडे, गळ्याखाली लोंबणारी गुलाबी पिशवी, आणि उन्हाचा ताप झाला की स्वतःच्याच पायांवर हगतात. पाय पांढरे दिसतात ते त्यानं. आतडी, डोकी, मेलेली कुत्री, काहीही गिळतात, आणि गिळताना डोळे मिटून असे गंभीर उभे राहतात की वाटावं प्रार्थना चाललीय.

पहिल्या वर्षी एव्हारिस्टच्या करकोच्याची पिशवी लहान होती. उसना कोट घातलेला, बिचारा, नवीन आलेला पक्षी. मग एकेक वस्तू पिशवीत जायला लागली. शाळेचे बाक गेले. पूल गेला, जो कागदावर बांधून झाला होता. उत्तरेकडच्या दुष्काळाला आलेल्या मक्याची पोती गेली. पिशवीच्या पातळ कातड्यातून आतली वस्तू दिसायची, ते एव्हारिस्टचं कसब. दुसऱ्यांदा निवडून आले, निवडून म्हणजे कसं ते आम्हालाच माहीत, तोवर पिशवी जमिनीला टेकली होती, आणि ती ओढायला करकोच्यानं दोन मंत्री जुंपले होते.

तेव्हा लोक हसत नसत. हे मला मुद्दाम सांगायचंय. आमच्याकडं प्रत्येक दुकानात राष्ट्राध्यक्षांचा फोटो लावावाच लागतो, नाहीतर दंड. लोक 'कासिया'तलं चित्र कापून बरोबर त्या फोटोच्या खाली चिकटवायचे. येणारा माणूस आधी फोटो बघायचा, मग चित्र बघायचा, आणि बाहेर जाऊन थुंकायचा. कोणी काही बोलायचं नाही. सरकारचे फोन यायचे, धमक्या यायच्या. एकदा एव्हारिस्टच्या दाराशी कुणीतरी मेलेला करकोचा टाकून गेलं. त्यानं तो उचलून नीट मोजमापं घेतली, पिशवी कशी वळते ते बघितलं, आणि पुढची चित्रं आणखी चांगली झाली.

मग कितुंडांना अक्कल आली. त्यांची अक्कल म्हणजे आमचं मरण.

सरोवराच्या जत्रेत, हजारो लोकांसमोर, त्यांनी 'कासिया' उंच धरला आणि विचारलं, हा म्कोबा कुठल्या कुळाचा? कुणीतरी ओरडलं, न्दोलो. त्यांना काय माहीत नव्हतं होय? तरी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, "अरे, मग हा माझा थट्टेकरी! मी बुकाला, तो न्दोलो. आणि मी वेडा त्याच्यावर रागावत होतो!" सगळी जत्रा हसली. दुसऱ्या दिवशी एव्हारिस्टच्या घरी काळ्या गाडीतून एक जिवंत कोंबडा आला, पायाला लाल फीत बांधून.

न्दोलो आणि बुकाला ही दोन कुळं एकमेकांची थट्टेकरी. फार पूर्वी एकमेकांच्या माना कापून दमली आणि ठरलं, यापुढं भांडायचं ते तोंडानं, आणि राग धरायचा नाही. म्हणून भर बाजारात न्दोलोनं बुकालाला चोर म्हणायचं, त्याच्या ताटातला मासा उचलायचा, आणि त्यानं हसायचं. हसला नाही तर तोच हलकट. मयताला तर थट्टेकऱ्याशिवाय माती पडत नाही. मीही न्दोलोच. माझ्या वडलांच्या मयताला बुकालांचा एक म्हातारा खड्ड्यात उतरून आडवा झाला आणि म्हणाला, जागा झकास आहे, या कंजुषाला कशाला देता, मीच झोपतो. आई रडता रडता हसली. त्या हसण्यावर ती पुढं जगली असं मी आजही मानते. तेव्हा या रीतीला मी नावं ठेवते असं कुणी समजू नये.

थट्टेकऱ्याला सगळं माफ. एकच करायचं नाही. परक्या माणसासारखं डाव्या हातानं उजवं कोपर धरून, मान लववून, दुखवट्याचे दोन शब्द बोलायचे नाहीत. ते बोलला की नातं तिथंच तुटलं. माझ्या आजोळी एका न्दोलोनं ते केलं होतं. बुकालांनी आपली बहीण मारली असा त्याला संशय होता. त्यांच्याकडच्या एका मयताला जाऊन तो नुसतं 'वाईट झालं' म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याचा शब्द थट्टा म्हणून कुणी घेतला नाही.

जत्रेनंतर एव्हारिस्टचं काय झालं ते मी शेजारी बसून बघितलं. चित्रं तीच, राग तोच, पण लोक हसायला लागले. दुकानात चित्र लागायचं आणि लोक म्हणायचे, आज न्दोलोनं बुकालाची काय फजिती केली बघा. थुंकायचं कुणी नाही. मंत्री संपादकांना निरोप पाठवायला लागले, आम्हालाही पिशवी ओढताना काढा, पण पोट जरा कमी दाखवा. शी! आणि जेवणघराच्या भिंतीसाठी मूळ चित्रं मागवून घेतली जायला लागली. एव्हारिस्टनं द्यायला नकार दिला, तर संपादकांनी त्याच्या कप्प्यातून काढून परस्पर दिली. वर त्यालाच सांगितलं की तू फार आढ्यतेखोर आहेस.

त्यानं आणखी घाण काढायचा प्रयत्न केला. करकोचा स्वतःच्या पायांवर हगतोय आणि ते झेंड्याला लागतंय, असं काढलं. दुसऱ्या देशात त्याला फासावर दिला असता. कितुंडांनी रेडिओवर त्या चित्राचं वर्णन केलं आणि म्हणाले, बघा, माझ्या थट्टेकऱ्याला माझ्या पोटाचीसुद्धा काळजी. आणखी एक कोंबडा आला. एव्हारिस्ट ते कोंबडे खायचा नाही. ऑफिसखाली एदिनाची आल्याच्या चहाची आणि भाजलेल्या कसाव्याच्या कंदांची टपरी होती, तिला देऊन टाकायचा. एदिना ते पाळायची.

या एदिनाची लेक सरकारी इस्पितळात बाळंत झाली. मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. तशी आणखीही बाळं होती. त्याच आठवड्यात कितुंडांच्या राजवटीचा वाढदिवस, आणि राजवाड्यापासून सरोवरापर्यंत दिव्यांच्या माळा. शहराची वीज नेहमीसारखी गेली. इस्पितळाच्या जनरेटरला डिझेल नव्हतं. पिंपंच्या पिंपं दिव्यांसाठी नेलेली होती. माळा झगझगत होत्या, आणि पेट्या गार पडल्या. एदिनाची नात गेली. सगळीच गेली.

एव्हारिस्टनं चित्र काढलं तेव्हा मी त्याच्याकडं बघू शकले नाही. करकोचा डोळे मिटून उभा. गळ्यातली पिशवी दिव्यासारखी आतून उजळलेली, आणि त्या उजेडात बाळांच्या मुठी. मंत्री नाहीत, झेंडा नाही, विनोद म्हणावा असं काही नाही. पान मीच लावलं. मी म्हटलं, हे बघून तरी लोकांचं हसू घशात अडकेल.

कितुंडा सकाळी एका कारखान्याच्या उद्घाटनाला गेले होते. कुणीतरी त्यांच्यापुढं पेपर धरला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हसले. म्हणाले, माझा थट्टेकरी आता दिवाबत्तीवर उतरला! समोरचे हसले. रेडिओनं ते हसणं दिवसभर वाजवलं. एदिनाच्या टपरीवर चहा पिणारे बँकेतले दोन बाबू चित्र हातात घेऊन हसत होते, आणि एदिना त्यांच्या कपात चहा ओतत होती. त्यांना माहीत नव्हतं, असं लोक मला नंतर म्हणाले. माहीत नसायला काय झालं होतं? मुठी दिसत होत्या ना?

एदिना जिना चढून वर आली. कधी येत नसे. एव्हारिस्टपुढं उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, माझ्या नातीवर सगळं गाव हसलं. आता तिला काढू नकोस."

त्या दिवसापासून एव्हारिस्टनं कुंचल्याला हात लावला नाही. खिडकीशी उभा राहायचा आणि खाली टपरीकडं बघायचा. संपादकांनी जुनी चित्रं परत छापायला सुरुवात केली, आणि कुणाला फरकही कळला नाही. मला वाटलं, संपला हा माणूस. कितुंडांनी त्याला ना मारला ना कोंडला, नुसता गुदगुल्या करून संपवला.

आणि मग कितुंडांची आई वारली.

ती चांगली बाई होती म्हणतात. नव्वदीची, काठी टेकत चालणारी, लेकाला चारचौघांत झापणारी. मयत त्यांच्या गावी, सरोवराच्या पलीकडं. थट्टेकरी कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती. काळी गाडी आली, आणि आमच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या न्दोलोंना घेऊन जायला बसही आली. थट्टेकरी कुळातल्या बायका सैपाकात लुडबूड करतात, मीठ लपवतात, घरच्यांना टोमणे मारतात, म्हणून मीही आले त्यात. संपादकांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. साऱ्या देशानं बघावं असं काहीतरी कर, असं एव्हारिस्टला बजावत होते. म्हातारीची चाल करून दाखव, कितुंडांची कर, खड्ड्यात उतर. एव्हारिस्टनं मान हलवली. गाडीत बसायच्या आधी तो टपरीवर गेला, चहा घेतला, आणि कप स्वतः विसळून ठेवला. मला वाटलं, गेलाच हा. आता तिथं नाचणार. मला त्याचीही शिसारी आली, खरं सांगते.

गावात माणसांचा समुद्र. राजदूत, सेनापती, बिशप, कॅमेरे. पांढरा तंबू, त्यात सोफे. एकेक परका पुढं येत होता, कोपर धरून, मान लववून, तेच दोन शब्द बोलून मागं जात होता. कितुंडा आईच्या पेटीपाशी चटईवर बसले होते, आणि खरंच रडत होते. ते मी कबूल करते. आई कुणाचीही असो.

मग घरच्यांनी एव्हारिस्टला पुढं बोलावलं. म्हातारीची शाल आणि काठी त्याच्या हातात दिली. सगळं माळरान पुढं सरकलं. कितुंडांनी डोळे पुसले आणि त्यांच्या तोंडावर आधीच हसू यायला लागलं होतं. आता हसायला मिळणार, जरा मोकळं वाटणार, म्हणून आलेलं. कॅमेरे दोघांवर.

एव्हारिस्टनं शाल घडी घालून चटईवर ठेवली. काठी तिच्यावर ठेवली. टोपी काढली. मग डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, मान लववली, आणि कुणाही रस्त्यावरच्या परक्यासारखं म्हणाला, "वाईट झालं, साहेब. तुमच्या आईला देव शांती देवो."

राजदूतांना काहीच कळलं नाही. ते मान डोलावत राहिले. पण आमची माणसं, तंबूच्या दोरापासून आंब्याच्या झाडावर चढलेल्या पोरांपर्यंत, एकदम गप्प. एका बाईनं तोंडावर हात घेतला.

कितुंडांचं हसू तिथंच राहिलं, काढायला विसरलेल्या चपलेसारखं. ते पुढं वाकले. मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं. म्हणाले, "एव्हारिस्ट, अरे थट्टा कर. आईवर माती पडायची आहे."

एव्हारिस्ट म्हणाला, "मी थट्टा कधी केलीच नव्हती, साहेब."

आणि वळून चालत येऊन बसमध्ये बसला.

माती तर पडायला हवी होती. घरचा एक काका शाल घेऊन आम्हा न्दोलोंकडं आला. माझ्यापुढंही धरली. मी हात मागं बांधले. माझ्या शेजारणीनं खाली बघितलं. शेवटी रेडिओवरचा एक न्दोलो, गोड गळ्याचा, सरकारी बंगल्यात राहणारा, उडी मारून पुढं आला. लाज नावालाही नाही. शाल गुंडाळली, काठी टेकली, कमरेत वाकला आणि म्हातारीसारखा खोकला. ऊठ गं म्हातारे, लेकाला भूक लागली, म्हणाला. कुणी हसलं नाही. खड्ड्यात उतरला, झोपला, घोरला. कुणी हसलं नाही. शेवटी कितुंडाच हसले. हसावंच लागतं, रीत आहे. त्या एवढ्या माळरानावर, आईच्या खड्ड्याशी, ते एकटे हसले, आणि मग माती पडली.

एव्हारिस्टला परतीच्या वाटेवर पोलिसांनी बसमधून उतरवलं. संपादक तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, त्यांना सरोवर फार आवडलं होतं बहुतेक. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या पानावर लिहिलं की म्कोबांचा या दैनिकाशी संबंध उरलेला नाही. ते पान मी लावलं नाही. सांगितलं, डोकं दुखतंय.

राष्ट्राध्यक्षपदाचा अपमान, असा खटला. आणि गंमत बघा, पुरावे कुठून आणायचे? जेवणघराच्या भिंतीवरून. सोनेरी चौकटींसकट चित्रं कोर्टात आली. इतकी वर्षं ज्यांच्यावर मटण खाताना हसले, तीच आता गुन्हे झाली. लोकांनी घरी ट्रंका उघडल्या आणि जुनी कात्रणं बाहेर काढून नव्यानं बघितली. वकील एव्हारिस्टला समजावून थकला. म्हणाला, नुसतं एवढं म्हण की मी न्दोलो आहे, ती थट्टा होती. रीत कायद्याला मान्य आहे, संध्याकाळी घरी जाशील. एव्हारिस्ट म्हणाला, ते सोडून काहीही विचार.

निकालाच्या आधी सरकारी वकिलानं मुठींचं चित्र मागितलं. मी आणि एदिना मागच्या बाकावर होतो. एदिनानं टपरी बंद ठेवली होती, लेकीला बरोबर आणली होती. मी तिला म्हटलं होतं, नको येऊस, बघवणार नाही. वकिलानं चौकट दोन्ही हातांनी उचलली, आधी न्यायाधीशाला दाखवली, मग वळून सगळ्या कोर्टाला. टेबलावर टेकवून सावकाश फिरवली, सगळ्यांना दिसावं म्हणून. पुढच्या बाकावर ते बँकेतले बाबूसुद्धा होते. पंखा चालल्याचा आवाज येत होता. एकही माणूस हसला नाही. न्यायाधीशानं चष्मा काढला, परत लावला.

एव्हारिस्ट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. उभ्याचीच सवय. तो चित्राकडं बघत नव्हता, एदिनाकडं बघत होता.

एदिनानं लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "बघ, आता बघताहेत तिला."